भाषा जागा अडवत नाही

१६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. १७ जूनला त्यातली सक्ती मवाळ केली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली. तेव्हापासून आजवर या विषयावर जे जे ऐकलं आणि वाचलं, त्यात दोन वाक्यं पुन्हा पुन्हा भेटली. विरोध करणारे म्हणतात, एवढ्याशा डोक्यात तीन भाषा कोंबल्या तर मराठीच्या शब्दांना जागा कुठे उरणार? बाजूनं बोलणारे म्हणतात, लहान मुलं टीपकागदासारखी असतात, जे द्याल ते शोषून घेतात. मराठवाड्याच्या सीमाभागातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये शिक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. ही दोन्ही वाक्यं मला चुकीची वाटतात. पहिलं तर घातकही वाटतं, कारण ते माझ्याच बाजूच्या लोकांच्या तोंडी आहे.

सक्तीला माझा विरोध होता आणि आहे. पण त्यासाठी आपण पुढे केलेलं कारण खोटं आहे. आधी येणारी भाषा नव्या भाषेच्या शब्दांची जागा अडवत नाही. उलट नवा शब्द रुजतो तो आधीच्या भाषांच्या जमिनीत. शब्दसंग्रह म्हणजे ज्वारीची कणगी नव्हे, की एक पोतं आत ओतलं की दुसऱ्याला जागा कमी पडावी. आणि हे कारण आपण असंच रेटत राहिलो तर त्याचा पहिला फटका हिंदीला बसणार नाही. तो बसेल गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), दखनी (दख्खनची उर्दू बोली), तेलुगू, कन्नड, गोंडी घेऊन शाळेत येणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांना. कारण मग त्यांची घरची भाषाही ओझंच ठरते, आणि ती बाहेर ठेवायला आपण मोकळे होतो.

देगलूरच्या बाजारात एकदा तासभर उभं राहून पाहावं. एका बाजूला तेलंगण, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. भाजी विकणारी बाई एका गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस करते, दुसऱ्याला तेलुगूत भाव सांगते, तिसऱ्याशी कन्नडमध्ये, चौथ्याशी दखनीत बोलते. यातलं काहीही ती वर्गात बसून शिकलेली नाही. पण तिला ठाऊक असलेली एक गोष्ट भाषाशास्त्रात धडा म्हणून शिकवतात. तेलुगूत जिथे शब्दाच्या सुरुवातीला प असतो, तिथे कन्नडमध्ये बऱ्याचदा ह येतो. दूध तिकडे पालु, इकडे हालु. फूल पुव्वु आणि हूवु. डुक्कर पंदि आणि हंदि. वाघ पुलि आणि हुलि. मीठ दोन्हीकडे उप्पुच. तेलुगू येणाऱ्या माणसाला कन्नडचे हे शब्द एकेक करून पाठ करावे लागतात का? चार शब्द कानावर पडले की पाचवा त्याचा तोच ताडतो. मराठी आणि हिंदीतही असाच एक रस्ता आहे. वीस-बीस, वाघ-बाघ, वीज-बिजली, वांगं-बैंगन. ळ गेला की ल येतो: फळ-फल, काळा-काला. मराठी पक्की असलेल्या मुलाला हे एकदा दाखवून द्या, त्याच्या पदरात एका तासात शंभरेक शब्द पडतात. मात्र दाखवून द्यावं लागतं. दोन भाषांतलं साम्य मुलांना आपोआप दिसतंच असं नाही, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तोंडी भाषेत कानाला लागणारं साम्य पुस्तकात, वेगळ्या तासाला आणि वेगळ्या शिक्षकाच्या तोंडी आलं की हरवून जातं.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकाच भाषेतले शब्द मोजले, तर ते एकभाषी मुलापेक्षा सरासरीनं थोडे कमी भरतात. ही अफवा नाही. कॅनडात एलन बियालिस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते १० वर्षांच्या १,७३८ मुलांची शब्दज्ञानाची चाचणी घेतली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात हा फरक स्पष्ट दिसला. पण त्याच अभ्यासानं पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आपल्याकडच्या वादात कुणी उच्चारत नाही. फरक मुख्यतः घरगुती शब्दांत होता. स्वयंपाकघरातल्या वस्तू, घरातलं सामान, खाण्याचे पदार्थ. शाळेशी निगडित शब्दांत ही मुलं इतरांच्या बरोबरीनं होती. असं का? कारण घरच्या वस्तूंची नावं त्यांना घरच्या भाषेत येत होती, आणि चाचणी होती इंग्रजीत.

हे वाचलं तेव्हा मला मुखेड तालुक्यातल्या एका शाळेतला दुसरीचा वर्ग आठवला. चित्र बघून नाव सांगायचं होतं. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीसमोर भाकरीचं चित्र आलं आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, ‘बाटी’. आईच्या चित्राला म्हणाली, ‘याडी’. मी दोन्हींवर फुली मारली. चाचणीच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं, आणि त्या मुलीबद्दल ते सपशेल खोटं होतं. तिच्याजवळ शब्द होता, वस्तूची ओळख होती, सांगण्याचं धाडसही होतं. नव्हतं ते फक्त माझ्या भाषेतलं नाव. त्या फुलीचा अर्थ कागदावर ‘शब्दसंग्रह अपुरा’ असा नोंदला गेला. तिचे गोरमाटी शब्द आणि मराठी शब्द एकत्र मोजले असते तर? वर्गातल्या कितीतरी मराठी घरच्या मुलांच्या ती पुढे निघाली असती, असं मला तिच्या बोलण्यावरून आजही वाटतं. तसं मोजायचं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मोजणाऱ्याची चूक मुलाच्या माथी मारण्याचा हा प्रकार जुना आहे. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांचा अभ्यास करून लिहिलं, की खेड्यातली वेल्श-इंग्रजी दुभाषी मुलं बुद्धिमापनात मागे पडतात, दोन भाषांमुळे त्यांच्या मनात गोंधळ होतो. शहरातल्या दुभाषी मुलांत मात्र तो फरक आढळला नव्हता. मग फरक भाषेचा होता की खेड्याचा, गरिबीचा, शाळेचा? हा प्रश्न नीट विचारायला जवळजवळ ४० वर्षं जावी लागली. १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी असलेली दहा वर्षांची एकभाषी आणि दुभाषी मुलं घेतली, तर दुभाषी मुलं बहुतेक चाचण्यांत वरचढ निघाली. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. कुई ही पूर्वजांची भाषा टिकवून ओडियाही बोलणारी मुलं, कुई सोडून फक्त ओडियावर आलेल्या कंध मुलांपेक्षा सरस ठरली. दोन्ही गट त्याच समाजाचे, तशाच गरिबीतले. किनवट-माहूरच्या गोंड-कोलाम वस्त्यांवर शिकवणाऱ्या प्रत्येकानं हा दाखला लक्षात ठेवावा.

नवा शब्द शिकण्याच्या प्रक्रियेतही काही फरक पडतो. एकभाषी तान्ह्या मुलांचा एक कल असतो: एका वस्तूला एकच नाव. ओळखीच्या वस्तूशेजारी अनोळखी वस्तू ठेवून नवं नाव उच्चारलं, की ते मूल ते नाव अनोळखी वस्तूला देऊन टाकतं. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांनी दीड वर्षाच्या मुलांवर हे तपासलं. २००९ च्या त्यांच्या निबंधानुसार एकभाषी मुलांत हा कल ठळक होता, दुभाषींत पुसट, आणि तीन भाषा ऐकणाऱ्या मुलांत तो दिसलाच नाही. दीड वर्षाच्या लेकराला कळलेलं असतं, की एका वस्तूला दोन-तीन नावं असू शकतात. त्याच वर्षी मार्गारिटा काउशान्स्काया आणि व्हिओरिका मेरियन यांनी प्रौढांना बनावट भाषेतले शब्द शिकायला दिले, तेव्हा दुभाषी माणसं एकभाषींपेक्षा जास्त शब्द लक्षात ठेवू शकली. एवढ्यावरून बहुभाषी माणूस सगळ्याच बाबतींत हुशार असतो असा डंका पिटायचं कारण नाही. दुभाषींच्या एकाग्रतेबद्दलचे काही मोठे दावे नंतरच्या संशोधनात डळमळीत झाले आहेत. मला सिद्ध करायचं आहे ते इतकंच, की दुसरी भाषा नव्या शब्दाच्या वाटेतला धोंडा नाही.

मग घोळ होतो त्याचं काय? होतो. मराठीतली शिक्षा हिंदीत शिक्षण होते. मराठीत आपण एखाद्याची चेष्टा करतो, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे यातायात म्हणजे दगदग, तिकडे वाहतूक. आपला संसार घरापुरता, त्यांचा जगाएवढा. राजीनामा आपण नोकरी सोडताना देतो, हिंदीभाषक कोर्टात तडजोड करताना. सहावीतल्या एका मुलानं हिंदीच्या पेपरात ‘मुझे शिक्षा पसंद नहीं’ असं लिहिलं होतं. त्याच्या मनात छडी होती, तपासणाऱ्यानं वाचलं शाळेचा तिटकारा. पण हा घोळ कुठून येतो? दोन्ही भाषा जास्त झाल्या म्हणून, की दोन्हींची गाठ वर्गात कुणी घालून दिली नाही म्हणून? मी त्या मुलाला दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले. पुढे तो अशा फसव्या जोड्या स्वतः हुडकून आणायला लागला. जिथं घसरतो तिथली वाट माणसाच्या पक्की ध्यानात राहते. शब्दांचंही तेच. आणि हिंदीच्या तासाला मुलं ‘मेरेकू’, ‘नक्को’, ‘हौ’ म्हणतात म्हणून त्यांना रागावणाऱ्यांना एक विचारतो: त्या दखनीतला ‘नक्को’ आला कुठून? आपल्या ‘नको’वरूनच ना? शेकडो वर्षं एका गल्लीत राहिलेल्या दोन भाषांनी एकमेकींना दिलेलं ते वाण आहे.

याच ठिकाणी मराठवाड्याचा इतिहास आठवावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंनी सोयीनं वापरला जातो. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं, आणि त्यासाठी १९१७ पासूनच भाषांतराचं स्वतंत्र खातं शास्त्रीय परिभाषा घडवत होतं. आमचे आजोबा शाळेत उर्दू शिकले, घरी पोथी मराठीतून वाचली. त्यांच्या मराठीत उर्दूमुळे खोट आल्याचं मला कधी जाणवलं नाही. मुंतखब, इनाम, दस्त, फिर्याद हे शब्द ते ज्या नेमकेपणानं वापरत, तो आज वकिली शिकलेल्या पोरांनाही साधत नाही. मग निजामाच्या भाषाधोरणानं नुकसान केलं नाही का? भयंकर केलं. पण ते उर्दू शिकवल्यामुळे झालं नाही. पुढच्या शिक्षणाचं दार फक्त उर्दूतून उघडेल, अशी व्यवस्था केल्यामुळे झालं. कुणब्याचं, मांगा-महाराचं, तांड्यावरचं पोर त्या दाराशी पोहोचलंच नाही. भाषा जास्त असणं आणि आपल्या भाषेला शाळेत दरवाजा नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या वादात त्यांची सरमिसळ होते आहे, आणि त्यामुळे सक्तीविरोधाचा खरा मुद्दा बोथट होतो आहे.

त्याच काळात आणि त्याच प्रदेशात सेतुमाधवराव पगडी झाले. जन्म १९१० चा, निलंग्याचा. हैदराबाद संस्थानात नोकरी करताना उर्दू-फारसीवर प्रभुत्व, तेलुगू-कन्नड बोलण्यातली, आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करताना गोंडी शिकून तिचं व्याकरण लिहिलं. आणि लिहिलं त्यातलं बरंचसं मराठीत. गालिब, इक्बाल त्यांनी मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवले. इतक्या भाषांनी त्यांच्या मराठीची जागा अडवली, असं कोण म्हणेल? कुणी म्हणेल, ते असामान्य होते. मान्य. पण मग पैठणच्या नाथांकडे पाहा. ‘अर्जदस्त’ या रचनेत त्यांनी सरकारदरबारच्या फारसी शब्दांचा सडा घातला आहे, आणि ती रचना पंडितांसाठी नव्हती. चौकात बसून ऐकणाऱ्या माणसाला ते शब्द कळत होते, म्हणून तर भारुड रंगत होतं. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या सामान्य श्रोत्याच्या डोक्यात जागा होती. आपल्या पोरांच्या डोक्यात ती नाही, हे आपण कशावरून ठरवलं?

हा प्रश्न केवळ जुन्या वैभवाचा नाही. २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरं उघडली आणि उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. ज्या नोंदींवर लाखो लोकांचं भवितव्य लटकलेलं होतं, त्या आपल्याच जमिनीच्या, आपल्याच आजा-पणजांच्या होत्या. तीन पिढ्यांत आपण त्या वाचायची ताकद घालवली. उर्दूचं ओझं उतरवलं म्हणून मराठवाड्याची मराठी तेवढ्यानं श्रीमंत झाली का?

आता दुसऱ्या बाजूचं टीपकागदाचं वाक्य. त्यातही एक खरा अंश आहे: लहान वयात ऐकलेल्या भाषेचे उच्चार जिभेवर चांगले बसतात. पण टीपकागदाला शाई लागते. देगलूरच्या बाजारात वाढणाऱ्या पोराच्या कानावर दिवसभर तेलुगू पडते, म्हणून त्याला ती येते. शाळेतल्या भाषेला मिळतो दिवसाचा एक तास, तोही एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र बसलेल्या असताना. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या गटानं शाळेत इंग्रजी लवकर आणि उशिरा सुरू केलेल्या मुलांची वर्षानुवर्षं तुलना केली. तेवढेच तास मिळाले तर उशिरा सुरुवात करणारी, म्हणजे थोडी मोठी मुलं वेगानं पुढे गेली. हे समजायला अवघड नाही. अकरा वर्षांच्या मुलाला वाचता येतं, तुलना करता येते, वीस-बीसचा नियम सांगितला तर तो धरता येतो. सहा वर्षांच्या मुलाला अजून आपल्याच भाषेतली अक्षरं जुळवायची असतात. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेविरुद्ध माझा खरा मुद्दा हा आहे: वेळ, शिक्षक आणि वाचनाची तयारी. या तिन्हींची चणचण आहे. मेंदूतल्या जागेची नाही. आणि कोणती भाषा सक्तीची करायची हे दिल्लीनं किंवा मुंबईनं ठरवावं का, हा राजकीय प्रश्न आहे. तो राजकीय प्रश्न म्हणूनच ताठ मानेनं मांडावा. त्याला मेंदूविज्ञानाचा आडोसा कशाला?

शिवाय ‘तिसरी भाषा’ हा शब्दच मराठवाड्यात जागोजागी चुकीचा ठरतो. कुणाची तिसरी? कोलाम वस्तीवरच्या मुलाची मराठी ही शाळेतली पहिली नवी भाषा असते, इंग्रजी दुसरी, हिंदी तिसरी, म्हणजे त्याच्या आयुष्यातली चौथी. गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचंही तेच. उमरग्या-निलंग्याकडच्या कन्नड घरांतलं तेच. त्रिभाषा सूत्राच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही घरची भाषा मराठी धरूनच आकडेमोड करतात. मराठीवर अन्याय झाला म्हणून आपण पेटून उठतो, ते योग्यच आहे. पण तोच अन्याय आपली मराठी गोरमाटीवर करत असेल तर? शब्दांपुरतं बोलायचं तर हे नुकसान थेट आहे. ज्या मुलाला पेरणी, पाऊस, जनावरं, आजार यांबद्दल घरच्या भाषेत शंभर बारकावे ठाऊक आहेत, त्याला मराठीतला शब्द शिकवताना फक्त नाव नवं द्यायचं असतं, अर्थ त्याच्याजवळ असतो. घरच्या भाषेला उंबऱ्याबाहेर थांबवलं की नाव आणि अर्थ दोन्ही नव्यानं उभं करावं लागतं. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच विचार सिद्धान्त म्हणून मांडला: एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, कारण वरून भाषा वेगवेगळ्या दिसल्या तरी खालची समज एकच असते.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांत मी याचा रोज अनुभव घेतला. बाष्पीभवन म्हणजे काय हे ज्याला ओल्या धोतरावरून, उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यावरून मराठीत कळलं, त्याला इव्हॅपोरेशन हा शब्द दोन दिवसांत आपला झाला. ज्याला कळलंच नव्हतं, त्यानं दोन्ही शब्द पाठ केले आणि परीक्षेनंतर दोन्ही विसरला. मराठीच्या बाजूनं यापेक्षा भक्कम युक्तिवाद मला माहीत नाही. मात्र तो मराठीलाही कमवावा लागतो. प्रकाशसंश्लेषण हा शब्द मराठी आहे म्हणून सोपा होत नाही. प्रकाश वेगळा काढून, श्लेष म्हणजे जोडणं हे सांगून तो फोडला तरच तो मुलाच्या हाती लागतो. नाहीतर तो फोटोसिंथेसिसइतकाच परका.

निवृत्तीच्या आधीची शेवटची दोन वर्षं मी वर्गात एक तक्ता लावत असे. रोज एक शब्द, आणि प्रत्येकानं आपल्या घरचं नाव सांगायचं. पहिल्या आठवड्यात तांड्यावरची मुलं गप्प बसायची, कारण घरची भाषा शाळेत बोलायची नसते असं त्यांना कुणीतरी बजावलेलं होतं. ‘पाणी’ या शब्दाच्या दिवशी तक्त्यावर पाणी, पानी, नीळ्ळु, नीरु असं लिहून झालं होतं. त्या वर्षी किनवटकडून बदलून आलेल्या एका शिक्षकांचा मुलगा वर्गात होता. त्यानं मित्राकडून ऐकलेलं गोंडी ‘येर’ सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ तक्त्याकडे बघत होती. मग ती उठली, पुढे आली, नीळ्ळु आणि नीरु यांच्याखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘गुरुजी, कवितेत नीर येतं ते हेच का?’ मी खडू तिच्या हातात दिला आणि तिनं तिसऱ्या ओळीत तो शब्द लिहिला.